खान्देशातल्या शाकाहारी माणसाला शिकागोच्या गल्लीतल्या मेक्सिकन हॉटेलात काय खाता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर अमळनेरचं, माळकरी, त्यामुळे मांस-मासे सोडाच, अंडंही नाही. कंपनी काही महिन्यांसाठी शिकागोला पाठवतेय, खोली पिल्सन भागात मिळाली आणि खोलीच्या खालीच एक साधं मेक्सिकन हॉटेल. तिखट झेपेल का, पोट भरेल का, आणि आत गेल्यावर नेमकं काय म्हणायचं?

तिखटाची काळजी सोडून द्या. काळजी करायची ती चरबीची. बाकी सगळं उत्तर या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

मी चोपड्याचा. नोकरीमुळे काही वर्षं शिकागोत काढली, आता जळगावात असतो. पिल्सनच्या अठराव्या रस्त्यावर आमची नेहमीची ये-जा होती. या भागाला नाव दिलं ते झेक लोकांनी, त्यांच्याकडच्या एका शहरावरून. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मेक्सिकन कुटुंबं येत गेली आणि भाग त्यांचा झाला. लोकलच्या पिंक लाइनवर अठराव्या रस्त्याचं स्टेशन आहे, त्याच्या भिंती-पायऱ्या रंगवलेल्या आहेत. तिथे उतरलात की भाजलेल्या मक्याचा वास येतोच.

आधी एक करा. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये मेक्सिकन म्हणून जे काही खाल्लं असेल ते विसरा. पिवळं वितळलेलं चीज, वर स्वीट कॉर्नचे दाणे, कुरकुरीत कडक टाको (सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी), हा सगळा सीमेवरचा आणि अमेरिकेच्या बाजूचा प्रकार. नाचोजसुद्धा 1940 च्या दशकात सीमेलगतच्या पिएद्रास नेग्रास गावात पहिल्यांदा झाले, असं सांगतात. गल्लीतल्या हॉटेलात हेही मिळेल, मागणारे असतात म्हणून ठेवतात. पण टेबलावर मेणकापड, कोपऱ्यात टीव्हीवर फुटबॉल आणि भिंतीवर ग्वादालुपेची माता, म्हणजे मेक्सिकन लोकांची मेरी माता, असलेल्या हॉटेलात बसून नाचोज मागवणं म्हणजे भुसावळच्या खानावळीत जाऊन चायनीज भेळ मागण्यासारखं आहे.

बसलात की न मागता एक टोपली येते. तळलेल्या मक्याच्या कुरकुरीत त्रिकोणी चकत्या, आणि सोबत दोन वाट्या साल्सा, म्हणजे तिथली पातळ चटणी. याचे बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत, टोपली संपली तर पुन्हा भरून देतात. हा पाहुणचार अमेरिकेतल्या मेक्सिकन हॉटेलांचा, मेक्सिकोत सगळीकडे तसा नाही. आपली माणसं इथेच फसतात. फुकट म्हणून दोन टोपल्या संपवतात आणि खरं जेवण आलं की हात आखडतो.

साल्साचं मात्र नीट ऐका. लाल वाटी बघून आपण सावध होतो आणि हिरवीला चटणी समजून चमचाभर तोंडात घालतो. पुष्कळदा हिरवीच जास्त तिखट असते. ती होते तोमातियोची. पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलं आंबट हिरवं फळ, रसभरीच्या कुळातलं. त्यात हिरव्या सेरानो किंवा हालापेन्यो मिरच्या, कांदा, कोथिंबीर. लाल साल्सात टोमॅटो आणि मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून घेतात आणि चांगल्या घरचा असेल तर दगडी खलात ठेचतात. वांगं काड्यांवर भाजणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला तो वास समजावून सांगावा लागत नाही. तिसरी नारिंगी वाटी आली, तर ती हाबानेरोची असण्याची शक्यता फार. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल पट्टीवर हालापेन्यो 2,500 ते 8,000 मध्ये बसते आणि हाबानेरो 1 लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत जाते. तिथे बोटाच्या टोकाने सुरुवात करा, खान्देशी असलात तरी.

तरीही तिखट झेपेल असं मी का म्हणतो? त्यांचं तिखट बहुतेक वाटीत असतं, पदार्थात कमी. टेबलावर घ्याल तेवढंच. आपल्या शेवभाजीसारखं नाही, जिथे तर्री आधीच वर येऊन बसलेली असते आणि माघारीची सोय नसते. उलट खान्देशी माणसाची तिथली पहिली तक्रार वेगळीच असते, की तेल कुठे आहे? साल्सात तेल नाही, दाणे नाहीत, फोडणी नाही. आंबट, तिखट, मीठ आणि भाजल्याचा धूर, एवढंच. दोन-तीनदा जेवलात की जिभेला पटतं.

मिरची मुळात त्यांचीच. मेक्सिकोत तिची लागवड हजारो वर्षांपूर्वी झाली, आपल्याकडे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लालभडक मिरची वाळत पडलेली बघताना ही कुठून तरी आलेली पाहुणी आहे असं कोणाच्या मनातही येत नाही. माळकरी म्हणून तुम्हाला आणखी एक सांगतो. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, चारही अमेरिका खंडातून आलेले. कोलंबसाच्या आधी आपले पूर्वज उपवासाला काय खात असतील, ते भगरीलाच ठाऊक.

आता मका. या जेवणाचा जीव त्यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे शिरपूर, शहाद्याकडे मका भरपूर पिकतो, सातपुड्यात पावरा आणि भिल्ल घरांत मक्याची भाकरी रोजची. पण ती थापताना कडा फुटतात, हे ज्याने थापली त्याला माहीत आहे. मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो. मेक्सिकन तोर्तिया मात्र पातळ, गोल, घडी घातली तरी न तुटणारी. पीठही मक्याचंच आणि त्यात गहू चिमूटभरही नाही. मग हे होतं कसं?

चुन्याने. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात. वरची साल निघून जाते, दाणा फुगतो आणि मऊ पडतो. मग तो ओलाच वाटतात. पूर्वी दगडी पाट्यावर, गुडघ्यावर बसून, आता गिरणीत. त्या ओल्या पिठाचा गोळा दाबून तव्यावर टाकतात. चुन्यामुळे पिठाला धरून ठेवायची ताकद येते, खास वास येतो, कॅल्शियम मिळतं. सगळ्यात मोठं काम डोळ्यांना दिसत नाही. मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व अशा रूपात अडकलेलं असतं की शरीराला ते घेता येत नाही, चुना ते मोकळं करतो. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही. इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलायची, जुलाब लागायचे, डोक्यावर परिणाम व्हायचा, माणसं मरायची. ज्यांनी मका मूळ पिकवला त्यांच्यात हा रोग पसरला नव्हता, कारण त्यांच्या घराघरात रात्री चुन्याचं पातेलं भिजत पडलेलं असायचं. 2010 साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, आणि मका असा चुन्यात शिजवण्याची रीत त्या वारशाच्या मुळाशी आहे.

म्हणून हॉटेल पारखायचं तर आधी तोर्तिया बघा. काचेमागे एखाद्या बाई गोळे दाबून तव्यावर टाकताना दिसल्या तर डोळे मिटून आत जा. मागताना मक्याची मागा, 'माईस' म्हणून. मैद्याची मागू नका. मैद्याची तोर्तिया उत्तर मेक्सिकोतली, तीही छान असते, पण तिच्यात बऱ्याचदा चरबी मळलेली असते. तुमच्यासाठी ती बाद.

आणि आता तो चरबीचा विषय.

मेक्सिकन स्वयंपाकात डुकराची चरबी, म्हणजे मांतेका, आपल्या तेलाच्या जागी वापरायची जुनी चाल आहे. सगळीकडे नसते, पण असते. ताटात दिसत नाही. घोटून परतलेला राजमा तुमच्यासमोर येईल, दिसायला निव्वळ शाकाहारी, आणि त्यात मांतेका असेल. तामाले म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेलं पीठ, आत नुसतं चीज आणि मिरची असली तरी पीठ चरबीत फेटलेलं असू शकतं. केशरी रंगाचा भात टोमॅटोत शिजवतात, पण पाण्याऐवजी कोंबडीचं पाणी घालायची पद्धत आहे. मोले नावाचा काळपट रस्सा वाळक्या मिरच्या, तीळ, दाणे, बदाम आणि थोडं चॉकलेट घालून करतात. वास घेतल्यावर तुम्हाला घरच्या काळ्या मसाल्याची आठवण होईल आणि हात पुढे जाईल. थांबा. त्यातही बहुधा कोंबडीचं पाणी असतं. चिले रेयेनो म्हणजे चीज भरलेली मोठी पोब्लानो मिरची, मेनूवर शाकाहारी म्हणून लिहिलेली असते, पण तिचं वरचं आवरण फेटलेल्या अंड्याचं. कणसावर किंवा वाटीतल्या मक्याच्या दाण्यांवर पांढरं लावलेलं दिसेल ते मेयोनेज, त्यातही अंडं. ते न लावता नुसतं लिंबू, तिखट, मीठ लावून मागा, पावसाळ्यात घाटात खातो तसंच लागतं.

'मी शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही. बऱ्याच जणांच्या लेखी कार्ने म्हणजे गोमांस, त्यामुळे 'कार्ने नको' म्हटलं की प्रेमाने कोंबडी वाढतात. नाव घेऊन विचारावं लागतं. शिकागोत इंग्रजी चालतंच, पण ही वाक्यं पाठ केलीत तर समोरच्या माणसाचा चेहरा खुलतो. 'सोय बेहेतारियानो', मी शाकाहारी आहे. 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो', मी मांस, कोंबडी, मासे खात नाही. 'तिएने मांतेका?', यात चरबी आहे का? 'काल्दो दे पोयो?', कोंबडीचं पाणी आहे का? 'सिन उएवो', अंड्याशिवाय. हॉटेलवाल्यांनी विचार करून 'आज नको, उद्या तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवतो' म्हटलेलं मी ऐकलंय. रोजचं गिऱ्हाईक म्हटलं की घरचाच कारभार.

एक गोष्ट लपवत नाही. तवा एकच असतो. त्यावर आधी मांस भाजलेलं असतं, मग तुमची तोर्तिया. तळणीचं तेलही बहुधा एकच. आणि चीजमध्ये जनावराचं रेनेट, म्हणजे दूध फाडायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ, असू शकतं. घरात कांदा-लसणाचंही बंधन असेल, तर साल्सापासूनच अडचण आहे. किती कडक राहायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, मी सल्ला देणार नाही. पण जाण्याआधी ठरवून जा, ताट समोर आल्यावर नको.

मग खायचं काय? पुष्कळ आहे. काही मेनूवर असतं, काही विचारावं लागतं.

माझी पहिली शिफारस राहास. भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, कांदा आणि दाट साय किंवा चीज, मक्याच्या तोर्तियात. पोब्लानो फार तिखट नसते, पण चव भरदार. दुसरं, भोपळ्याच्या फुलांची केसादिया. आपण फुलांची भजी करतो, ते तोर्तियात चीजबरोबर घालून भाजतात. काही हॉटेलांत उइत्लाकोचे मिळतं. कणसावर बुरशी चढून दाणे काळे-करडे फुगतात, आपण ते कणीस बांधावर फेकून देतो. ते लोक ते शिजवून चवीने खातात आणि महाग विकतात. चव मशरूमकडे झुकणारी. नाक मुरडू नका, एकदा घ्या. राजमा अख्खा, भांड्यातला मागा, 'फ्रिहोलेस दे ला ओया'. घोटलेल्यापेक्षा यात चरबी नसण्याची शक्यता जास्त, तरी विचाराच. तोर्तिया, हा राजमा, कुस्करलेलं ताजं पांढरं चीज, कच्चा कांदा आणि हिरवा साल्सा. एवढ्यावर मी कित्येक रात्री जेवलोय. ग्वाकामोले, म्हणजे कुस्करलेला अ‍ॅव्होकॅडो, सगळीकडे असतं आणि तुमच्यासाठी निर्धोक, पण त्याचे पैसे वेगळे आणि ते बऱ्यापैकी असतात.

निवडुंगाचं सांगायलाच हवं. नोपालेस. फड्या निवडुंगाची कोवळी पानं, काटे काढून, पट्ट्या कापून तव्यावर परतलेली. माझी आई शिकागोला आली होती तेव्हा तिला मुद्दाम याच हॉटेलांच्या रांगेत नेलं. ताट आलं, तिने एक पट्टी बोटाने उलटी केली आणि अहिराणीत विचारलं, 'हाई काय शे?' निवडुंग म्हटल्यावर माझ्याकडे अशी बघायला लागली की पोराचं अमेरिकेत काही खरं नाही. बांधावर ढोरं शिरू नयेत म्हणून लावतात ते! मी सांगितलं की हे झाडही तिकडूनच आपल्याकडे आलं, आणि त्यांच्या झेंड्यावर गरुड बसलाय तो याच निवडुंगावर. झेंड्याचं तिला काही वाटलं नाही. पण खाल्लं, आणि म्हणाली, भेंडीचाच भाऊ आहे, चिकट जरा जास्त, दाण्याचा कूट हवा होता. कूट हवा होता हे मला आजही मान्य आहे.

हात धुऊन बसा, काटा-चमचा शोधू नका. टाको हाताने खातात. बऱ्याच ठिकाणी एका टाकोखाली दोन तोर्तिया येतात, रस्सा गळला तरी तुटू नये म्हणून. मान तिरकी करायची, टाको सरळ ठेवायचा. ताटात सांडलेलं दुसऱ्या तोर्तियाने टिपून घ्यायचं. भाकरीने ताट पुसणाऱ्या माणसाला तिथे कोणी शिकवावं लागत नाही.

पिण्याला काउंटरवर काचेच्या मोठ्या बरण्या दिसतील. लाल रंगाचं ते हामाइका, लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत, आंबट-तुरट. पांढरं ते ओर्चाता, तांदूळ वाटून दालचिनी-साखर घातलेलं. तिखट लागलं की पाण्याच्या मागे धावू नका, ओर्चाता घ्या. तिसरं चिंचेचं. ते बघून घरची आठवण आली तर तो दोष माझा नाही.

तुमच्याबरोबर मांसाहारी खान्देशी मित्र असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. कार्ने आसादा म्हणजे गोमांस, आल पास्तोर म्हणजे डुकराचं. हे आल पास्तोर उभ्या सळईवर फिरवत भाजतात, ती सळई लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी नेली. गोमांस चालत नसेल तर 'पोयो' म्हणा, कोंबडी. शनिवार-रविवारी बाहेरच्या पाटीवर 'मेनुदो' लिहिलेलं दिसेल, तो गाईच्या वजडीचा रस्सा. वास लांबूनच येतो, तुम्ही त्या वेळी वर खोलीत खिडकी लावून घ्या.

पैशांचं लवकर उरकतो. मेनूवरची किंमत अंतिम नसते. शिकागोत हॉटेलच्या बिलावर दहा टक्क्यांच्या वर कर लागतो, तो शेवटी जोडतात. त्यावर टीप, जी तिथे ऐच्छिक म्हणायची आणि सक्तीची समजायची. बसून जेवलात तर पंधरा ते वीस टक्के. वाढणाऱ्यांच्या कमाईचा मोठा भाग त्यातूनच येतो, चिल्लर ठेवून उठू नका. काउंटरवरून पुडा बांधून नेलात तर टीप कमी किंवा काहीच नाही, कोणी राग धरत नाही. काही लहान ठिकाणी अजून रोखच चालते, दारावर लिहिलेलं असतं. उरलेलं अन्न बांधून मागायला लाजू नका, तिथे सगळेच मागतात. आणि संकोचाचं म्हणाल, तर एकट्या माणसाने टेबल अडवलं म्हणून तिथे कोणी घाई करत नाही, जेवण झाल्यावर बिल मात्र स्वतः मागावं लागतं, 'ला कुएंता'. पण दारात रांग असेल तर उठा, ती सभ्यता सगळीकडे सारखीच.

सुट्टीच्या दिवशी त्याच भागात नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट आहे, तिकीट नाही. आधी ते बघा, मग जेवा.

पहिल्यांदा जाताना दुपारी तीन-चारच्या सुमारास जा. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, स्वयंपाकघरातल्या माणसालाही बोलायला फुरसत असते. मांतेका कशात आहे, काल्दो कशात आहे, एकेक पदार्थावर बोट ठेवून त्याच दिवशी विचारून घ्या आणि मेनूच्या कागदावर खुणा करून ठेवा. मग रोज रात्री थकून आल्यावर कोणाला काही विचारायची वेळ येणार नाही.